थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्याविरुद्ध

जुन्या ट्रकचे इंजिन तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकावा, आणि तो काढल्यावर तापमानाचा काटा डाव्या टोकाशी पडून राहिला तर इंजिन सुखरूप आहे असे समजावे, हा सल्ला महाराष्ट्रातील गॅरेजांत इतका रुळला आहे की त्याच्या समर्थनार्थ काही बोलण्याची गरजही कोणाला वाटत नाही. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर फाट्याशी, म्हणजे चेलाडीला, आत वळून गुंजवणीच्या खोऱ्यातून मार्गासनी, विंझर आणि वेल्हे असा जो रस्ता जातो, तशा रस्त्यांवर महामार्गावरची उमेदीची वर्षे संपवून स्थानिक भाड्याला लागलेले ट्रक अखेरपर्यंत राबतात, आणि या उतारवयातल्या गाड्यांच्याच वाट्याला हा सल्ला सर्वाधिक येतो. हा सल्ला तंत्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, मालकाला महागात पाडणारा आहे आणि ज्या तापण्याच्या भीतीने तो दिला जातो ते तापणे अनेक इंजिनांत तो वाढवतोही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, इंजिन फार थंड चालते असे दिसताच तपासणी न करता नवा थर्मोस्टॅट बसवून मोकळे होणारी दुसरी घाईही तितकीच सदोष आहे, कारण थंड चालणे हे लक्षण आहे आणि त्याचे मूळ पाच-सहा निरनिराळ्या ठिकाणी असू शकते.

सिलिंडरांभोवती पाणी खेळवण्यासाठी इंजिनाच्या ओतीव अंगात जी पोकळी ठेवलेली असते तिला पाण्याचे जॅकेट म्हणतात. त्यातून तापलेले पाणी जेथून रेडिएटरकडे निघते त्या तोंडाशी बसवलेली, उष्णतेने आपोआप उघडमीट होणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. हल्लीच्या झडपेत धातूच्या लहान कुपीत मेण भरलेले असते. ठरलेल्या तापमानाला ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध वाट उघडते. कमिन्सच्या बी मालिकेच्या इंजिनांत ही वाट सुमारे ८३ अंश सेल्सिअसला उघडू लागते आणि ९५ अंशांच्या आसपास पूर्ण उघडते. त्याहून जुन्या पद्धतीच्या झडपेत मेणाऐवजी पातळ पत्र्याचा, घड्या घातलेला, लवकर वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेला भाता असे. या भात्याला चीर पडली की झडप बंद न होता उघडीच राहते. बिघाड झालाच तर गाडी उकळू नये, म्हणून तिची रचनाच तशी केलेली असे. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, रचनाकारांना तापण्याच्या धोक्याची पूर्ण जाणीव होती आणि तरीही त्यांनी झडप वगळली नाही. दुसरी, भात्याची झडप असलेले फार जुने इंजिन हळूहळू थंड चालू लागले तर झडप मेली असण्याची शक्यता बरीच मोठी असते, आणि असे इंजिन थर्मोस्टॅट न काढताही थर्मोस्टॅटविनाच चालत असते.

काढून टाकण्याच्या बाजूने मांडला जाणारा पहिला युक्तिवाद हवामानाचा आहे. थर्मोस्टॅट ही युरोपातल्या बर्फाळ हिवाळ्याची गरज असून उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या प्रदेशात तिचे काम नाही, असे सांगितले जाते. भारतातील मोठ्या ट्रकांची एक परंपरा जर्मन असल्यामुळे हा युक्तिवाद वरवर पटतोही. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि पुढे अनेक दशके रस्त्यांवर दिसलेले टाटांचे ६९७ हे इंजिन त्याच घराण्यातले होते: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास, १२८ मिलिमीटर स्ट्रोक आणि एकूण ५.६७५ लिटर घनफळ. परंतु झडपेचा संबंध प्रामुख्याने हवामानाशी आहे ही समजूतच मुळात चुकीची आहे. रेडिएटर नेहमी सर्वांत वाईट परिस्थितीसाठी मापलेला असतो; पूर्ण भरलेला ट्रक, लांब चढ, खालचा गिअर आणि वैशाखातली दुपार अशा वेळी निघणारी सगळी उष्णता त्याने हवेत सोडली पाहिजे. म्हणजेच उरलेल्या सर्व वेळी तो गरजेपेक्षा मोठा असतो, आणि हा जादा गारवा आवरण्याचे काम थर्मोस्टॅट करतो.

साध्या हिशोबाने हे दिसून येते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. भर उन्हाळ्यात ४० अंशांच्या हवेत, पूर्ण भाराने, पाणी ९० अंशांवर स्थिर राहत असेल तर तो फरक ५० अंशांचा झाला. आता गाडी रिकामी केली, रस्ता सपाट धरला आणि पाण्याला मिळणारी उष्णता एक तृतीयांशावर आली असे मानले, तर हवेचा व पाण्याचा प्रवाह तोच राहिल्यास तेवढी उष्णता बाहेर टाकायला सुमारे १७ अंशांचा फरक पुरतो आणि पाणी त्याच कडक उन्हात ५७ अंशांवर येऊन थांबते. पौषातल्या पहाटे हवा १२ अंशांवर असेल तर तेच गणित पाण्याला ३० अंशांखाली नेते. प्रत्यक्षात पंख्याची गती आणि पंपाचा प्रवाह इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असल्याने आकडे थोडे वेगळे येतील, पण निष्कर्ष बदलत नाही: झडप नसलेले इंजिन उष्ण प्रदेशातही बहुतांश वेळ थंडच चालते.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे आणखी तीव्र होते. पेट्रोल इंजिनात भार कमी झाला की आत येणारी हवाही आवळली जाते. जुन्या डिझेल इंजिनात फक्त इंधन कमी होते, हवा मात्र पूर्ण ओढली जाते, त्यामुळे हलक्या भारावर सिलिंडर प्रत्येक चक्रात थंड हवेने भरून निघतो. उतारावर तर नियंत्रक, म्हणजे पंपातील गव्हर्नर, इंधन जवळजवळ बंदच करतो, तरीही पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पाण्याचा पंप आपले काम चालूच ठेवतात. वेल्ह्याहून पाबे घाट उतरून खडकवासल्याच्या दिशेने जाणारा किंवा भोरहून वरंध घाटाने महाडकडे उतरणारा ट्रक घाटाच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा झडप असलेल्या इंजिनातही काटा थोडा खाली आलेला असतो. झडप नसेल तर सिलिंडरच्या भिंती इतक्या गार झालेल्या असतात की पुढच्या सपाटीवर ॲक्सिलरेटर दाबताच सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. मार्गासनीहून एका बाजूला साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे, दुसऱ्या बाजूला विंझरकडे आणि तिसऱ्या बाजूला नसरापूरकडे होणाऱ्या फेऱ्या जवळच्या अंतराच्या, मध्ये माल चढवण्या-उतरवण्यासाठी थांबणाऱ्या आणि एका बाजूने अनेकदा रिकाम्या असतात. लांब पल्ल्याच्या गाडीला झडपेविना निदान चढावर तरी काही काळ गरम व्हायला मिळते. खोऱ्यातल्या खोऱ्यात फिरणाऱ्या गाडीला तेही मिळत नाही. जेथे थर्मोस्टॅटची निकड सर्वांत मोठी, तेथेच तो काढण्याचा सल्ला सर्वांत सहज दिला जावा, ही गोष्ट खेदाची आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अति तापण्याने हेड वाकते, गॅस्केट उडते, पिस्टन चिकटतो, आणि हे सारे दहा-पंधरा मिनिटांत घडू शकते. उलट थंड चालण्याचे नुकसान असलेच तर वर्षानुवर्षांत पसरलेले असते. तेव्हा दोन संकटांपैकी सावकाश येणारे पत्करावे, असे म्हटले जाते. यातील पहिले विधान निर्विवाद खरे आहे. चूक पुढच्या पायरीवर आहे, कारण थर्मोस्टॅट काढल्याने तापण्याचा धोका कमी होतो हे गृहीतक सर्व इंजिनांना लागू पडत नाही.

बऱ्याच ट्रक इंजिनांत झडप बंद असताना पाणी कोंडून राहू नये म्हणून त्याला रेडिएटर टाळून थेट पंपाकडे परत नेणारी एक आखूड वाट ठेवलेली असते. तिला बायपास म्हणतात. या इंजिनांचा थर्मोस्टॅट एकाच हालचालीत दोन कामे करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची वाट बंद करतो. हा थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहतात, आणि पाणी कमी अडथळ्याची वाट पसंत करत असल्याने त्याचा बराचसा भाग रेडिएटरपर्यंत न जाताच इंजिनात फिरत राहतो. सपाटीवर, हलक्या भाराने, उरलेले पाणी गारवा द्यायला पुरेसे असल्याने काटा खाली राहतो आणि उपाय लागू पडला असे वाटते. मात्र खंबाटकी किंवा कात्रजच्या चढावर भरलेली गाडी चढू लागते तेव्हा जे सगळे पाणी रेडिएटरमधून जायला हवे होते त्यातले अर्धेमुर्धेच जाते आणि इंजिन पूर्वीपेक्षा लवकर तापते. कमिन्ससारखे निर्माते झडपेविना इंजिन चालवू नये असे आपल्या पुस्तिकांत बजावतात ते याच कारणाने. त्यांच्या बी मालिकेच्या पुस्तिकेत ६० अंशांखालचे आणि १०० अंशांवरचे सततचे चालणे एकाच वाक्यात, इंजिनाला हानिकारक म्हणून, शेजारी ठेवलेले आहे. एकच गाडी सपाटीवर थंड आणि चढावर गरम चालत असेल, तर थर्मोस्टॅट काढला गेला असल्याची शंका सर्वांत आधी घ्यायला हवी.

सावकाश होणारे नुकसान कोणते, हे आता पाहू, कारण ‘असलेच तर’ या दोन शब्दांत ते झटकून टाकले जाते. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. डिझेलमधल्या हायड्रोजनचे ते पाणी असते आणि वाफेच्या रूपाने त्याचा फार मोठा भाग सायलेन्सरमधून निघून जातो. पण पिस्टनच्या रिंगांना चकवून काही वायू नेहमीच खालच्या चेंबरमध्ये उतरतात. यांना ब्लो-बाय म्हणतात आणि त्यांच्याबरोबर ही वाफही ऑइलपर्यंत पोचते. ऑइल गरम असेल तर ती ब्रीदरमधून बाहेर पडते. ऑइल गार असेल तर ती तेथेच निवून पाणी बनते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि काजळीशी मिळून काळा गाळ बनवते. त्याच वेळी थंड भिंतीवर आदळलेले डिझेल पूर्ण न जळता लायनरवरून खाली झरते, तेथील ऑइलचा पापुद्रा धुऊन नेते आणि चेंबरमधले ऑइल पातळ करते. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर नोजल गळतो की इंजिन फार थंड चालते या दोन शक्यता एकत्रच तपासाव्या लागतात.

सिलिंडरच्या झिजेचा प्रश्न तर नवा नाही. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी दाखवले की सिलिंडरची भिंत एका मर्यादेखाली थंड राहिली की झीज झपाट्याने वाढते आणि तिचे मुख्य कारण घर्षण नसून गंज असते. इंधनातल्या गंधकापासून बनलेले वायू भिंतीवर जमलेल्या पाण्यात मिसळून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल लायनर खाते. भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधकाला मुभा होती. त्या काळात थंड चाललेल्या जुन्या इंजिनांचे लायनर किती आम्ल सोसून गेले असतील याची कल्पना यावरून यावी. येथे प्रतिपक्षाला एक मुद्दा मान्य करायलाच हवा. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळू लागले आणि त्यातील गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आले, म्हणजे जुन्या मर्यादेच्या हजाराव्या हिश्शावर. त्यामुळे गंधकाम्लाची झीज आज पूर्वीइतकी उरलेली नाही. परंतु गंधक गेल्याने पाणी गेले नाही, न जळलेले डिझेल गेले नाही, आणि धातूंच्या प्रसरणाचे गणितही बदलले नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि बिडाचा लायनर यांच्यातली फट इंजिन गरम झाल्यावर नेमकी बसेल अशी धरलेली असते. इंजिन गारच राहिले तर पिस्टन त्या सैल फटीत दोन्ही बाजूंना आपटत राहतो, लायनर थरथरतो, ब्लो-बाय वाढतो, आणि त्या वाढलेल्या ब्लो-बायमुळे आधी सांगितलेला गाळही वाढतो.

घट्ट ऑइल अधिक संरक्षण देते ही समजूत याच ठिकाणी तपासून पाहण्यासारखी आहे. ट्रकमध्ये सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक इतके दाट असते आणि १०० अंशांना ते १४-१५ सेंटिस्टोकवर येते. सेंटिस्टोक हे द्रवाच्या दाटपणाचे माप आहे. बेअरिंगांच्या फटी या दुसऱ्या आकड्याच्या आसपासच्या दाटपणासाठी आखलेल्या असतात. त्याहून कितीतरी दाट ऑइल ढकलण्यात इंजिनाची शक्ती खर्च होते आणि ती शक्ती डिझेलच्या टाकीतूनच येते. ऑइलचा दाब दाखवणारा काटा थंड इंजिनात उंच राहतो म्हणून चालकाला बरे वाटते, पण तो उंच दाब ऑइल नीट वाहत नसल्याचा असतो.

पूर्वीच्या गाड्या झडपेविना चालल्याच की, हा तिसरा युक्तिवाद पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या गाड्या चालल्या त्या डोळ्यांसमोर राहिल्या; ज्यांचे लायनर-पिस्टन मुदतीआधी बदलावे लागले त्यांचे ‘इंजिन काम निघाले’ एवढीच नोंद मालकाच्या मनात राहिली आणि त्या कामाचे कारण वय, माल किंवा चालक यांच्या नावावर गेले. झीज होण्यास वर्षे लागतात, म्हणूनच तिचे कारण आणि तिचे बिल यांची गाठ कधी पडत नाही.

निदानाची सुरुवात काट्यापासून व्हायला हवी, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. विजेवर चालणाऱ्या मीटरमध्ये इंजिनात बसवलेल्या सेंडरचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा कमी होतो आणि त्यावर काटा चढतो. या रचनेत तार तुटली, तिचा जोड गंजला किंवा सेंडरची अर्थिंग बिघडली तर काटा थंडीच्या टोकाशी पडून राहतो, इंजिन कितीही तापलेले असो. सेंडरची तार काढून क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली आणि काटा गरमच्या टोकापर्यंत गेला, तर मीटर आणि तार ठीक असून दोष सेंडरमध्ये किंवा त्यापुढे आहे असे समजते. तो हललाच नाही तर दोष मीटरमध्ये किंवा तारेत आहे. काही जुन्या गाड्यांत विजेऐवजी बारीक नळीत भरलेल्या द्रवाच्या वाफेच्या दाबावर काटा चालतो. ती नळी पिचली किंवा तिला छिद्र पडले की काटा कायमचा खाली बसतो आणि तो दुरुस्त होत नाही, मीटर नळीसकटच बदलावे लागते.

काट्याच्या खोटेपणाचा एक प्रकार जीवघेणा आहे. सेंडरचे टोक पाण्यात बुडालेले असेल तरच तो पाण्याचे तापमान सांगतो. पाणी कमी होऊन किंवा हवा अडकून ते टोक कोरडे पडले तर काटा थंडी दाखवत राहतो आणि खाली सिलिंडर जळत असतात. म्हणून काटा एकाएकी खाली आला, विशेषतः चढावर, तर ते समाधानाचे कारण न मानता गाडी बाजूला घेऊन, इंजिन निवू देऊन, पाण्याची पातळी पाहणे हे पहिले काम ठरते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचे आहे, कारण दाब सहन करणाऱ्या झाकणाखाली पाणी शंभर अंशांच्या वरही न उकळता राहते आणि दाब सुटताच उसळते. पुणे परिसराच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते.

काटा खरा की खोटा हे ठरवायला स्वतंत्र मोजमाप हवे. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आता महाग राहिलेली नाही. ती थर्मोस्टॅटच्या घरावर रोखावी, मात्र चकचकीत धातूवर ती खरे तापमान कमी दाखवत असल्याने त्या जागी काळा रंग किंवा काळी चिकटपट्टी लावून मग मोजावे. तेही नसेल तर हाताची परीक्षा उपयोगी पडते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर इंजिनातून रेडिएटरच्या माथ्याकडे जाणारा वरचा होज पाइप काही काळ गारच राहायला हवा, आणि झडप उघडली की तो थोड्याच वेळात चांगला गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकलेली आहे, चुकीच्या तापमानाची आहे किंवा मुळात नाहीच. हात लावताना पंखा आणि पट्टा यांच्यापासून दूर राहावे, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगितलेले बरे.

त्यानंतरच थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट उघडावेत. झडप सापडली तर ती दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, टांगावी. शेजारी थर्मामीटर धरावा, पाणी तापवत न्यावे आणि झडप कोणत्या अंशाला हलू लागते व कोणत्या अंशाला पूर्ण उघडते हे लिहून ठेवावे. कडेवर कोरलेल्या आकड्याशी हे जुळले आणि गार पाण्यात ती पुन्हा घट्ट मिटली, तर झडप निर्दोष आहे आणि नवी आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. तिच्या बैठकीवर गंजाचा कण किंवा पापुद्रा अडकून ती किंचित उघडी राहत असेल तर ती साफ करून पुन्हा तपासावी. नवी घेताना फक्त व्यास जुळवून भागत नाही. अंश जुळले पाहिजेत, आणि बायपास मिटवणारी खालची चकती मूळ झडपेला असेल तर नवीलाही ती असली पाहिजे. ही चकती नसलेली झडप घरात व्यवस्थित बसते, बाहेरून काही कळत नाही, आणि घाटात मात्र तेच होते जे झडप नसल्यावर होते.

झडप चांगली असूनही पाणी गार राहत असेल तर पंख्याकडे वळावे. पंखा फिरवायला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे गती दुप्पट झाली तर शक्ती आठपट लागते. म्हणून पुढच्या काळात तापमानानुसार पंखा जोडणारा व सोडणारा क्लच आला. त्याच्या आतील दाट द्रव बिघडून तो कायमचा जोडलेला राहिला तर इंजिन गार राहते आणि डिझेल अधिक जाते. फार जुन्या ट्रकांत पंखा पट्ट्यावर थेट फिरतो, तेथे हा प्रश्न येत नाही. रेडिएटरसमोर गोणपाट बांधून थंडीत इंजिन गरम ठेवण्याची जुनी पद्धत झडप निर्दोष असेल तर अनावश्यक असते, झडप नसेल तर अपुरी असते, आणि दुपारी ते काढायचे राहून गेले तर घातक असते.

पांढऱ्या धुराचा अर्थ लावताना सावधपणा हवा. थंड चालण्याने तो निघतो हे खरे, पण इंजेक्शनची वेळ मागे पडली असेल, कॉम्प्रेशन उतरले असेल किंवा हेडमधून पाणी सिलिंडरमध्ये येत असेल तरीही तो निघतो. याहून मोठी चूक ऑइल भरण्याच्या झाकणाखालच्या दुधाळ थराबाबत होते. हा थर पाहताच गॅस्केट गेले असा निर्णय देऊन हेड उतरवले जाते, आणि जुन्या ट्रकच्या मालकाला हजारो रुपयांचे काम करावे लागते. रेडिएटरमधली पातळी आठवडाभर स्थिर असेल, त्यात बुडबुडे येत नसतील, आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असून फक्त झाकणाखाली दुधाळपणा असेल, तर ते पाणी गॅस्केटमधून आलेले नसून थंड झाकणावर जमलेली वाफ असते. इंजिन योग्य तापमानाला चालू लागले की ते आपोआप नाहीसे होते. थर्मोस्टॅट काढायला सांगणाऱ्या सल्ल्यामुळे उद्भवलेल्या लक्षणासाठी हेड उघडण्याचा खर्च मालकाने सोसावा, हे अन्यायाचे आहे.

सकाळी निघण्यापूर्वी अर्धा तास गाडी नुसती उभी ठेवून गरम करण्याची सवयही याच संदर्भात सोडायला हवी. हलक्या फेऱ्यांवर डिझेल इंजिन इतकी थोडी उष्णता निर्माण करते की ते कार्यतापमानाला पोचतच नाही, आणि तेवढा वेळ न जळलेले डिझेल लायनरवर झरत राहते. ब्रेकसाठी हवेचा दाब भरेपर्यंत थांबणे आवश्यक आहे. त्यानंतर पहिली काही किलोमीटर बेताच्या गतीने गाडी चालवणे हाच इंजिन गरम करण्याचा योग्य मार्ग आहे. या सवयीचा त्रास मालकापुरता मर्यादित नसतो. डिझेलचा धूर माणसांत कर्करोग निर्माण करतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आहे, आणि थांब्यावर उभी राहून पांढरा धूर सोडणारी गाडी तो धूर एसटीची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलांच्या तोंडासमोर सोडत असते.

थर्मोस्टॅट काढणे एका प्रसंगी समर्थनीय आहे, आणि तो प्रसंग नाकारणे हट्टीपणाचे होईल. झडप बंद स्थितीत अडकली, गाडी घाटात उकळू लागली आणि जवळ दुसरी झडप नसेल, तर इंजिन निवल्यावर ती काढून, हलक्या पायाने, वारंवार थांबत गाडी गावापर्यंत आणणे योग्यच आहे. दोष त्या तात्पुरत्या उपायाला कायमचा मानण्यात आहे, कारण मूळ प्रश्न बहुधा झडपेचा नसतोच. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असतात, बाहेरच्या जाळीत धूळ आणि भाताचा भुसा भरलेला असतो, पट्टा सैल असतो, झाकणाचा रबर कडक झालेला असतो, पाण्याच्या पंपाची पाती झिजलेली असतात. यांतले एक जरी कारण असले तरी गाडी तापते, आणि थर्मोस्टॅट काढल्याने त्यांतले एकही दूर होत नाही. नळ्या साफ करून गंजरोधक कूलंट योग्य प्रमाणात भरणे हे काम झडप उपटण्यापेक्षा अधिक वेळ घेते, परंतु तापण्याच्या तक्रारीवरचा इलाज तेच आहे.

मार्गासनी-वेल्हे रस्त्यावर आणि तशा प्रत्येक खोऱ्यात जुना ट्रक चालवून पोट भरणाऱ्या मालकांनी म्हणून गॅरेजमध्ये एक आग्रह धरावा: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घराशी किती अंश मोजले गेले तो आकडा आधी कागदावर लिहून मागावा, आणि तो ६० अंशांखाली असेल तर कोणताही मोठा भाग उघडण्यापूर्वी सेंडर, पाण्याची पातळी, झडप आणि पंखा याच क्रमाने तपासून घ्यावा.